वरच्या मजल्याची ओल

मावशींच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं की पाण्याचं विचारायच्या आधी त्या पाहुण्याला आतल्या खोलीत नेत आणि भिंत दाखवत. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस, मतदार यादी तपासायला आलेली शिक्षिका, फरीदाबादला राहणारा त्यांचा पुतण्या आणि पुतणसून, कुणाचीच सुटका नव्हती. ती भिंत बाथरूमला लागून होती. छताच्या कोपऱ्यातून ओल उतरत उतरत खिडकीच्या उंचीपर्यंत आली होती आणि तिच्यावरचा रंग जागोजाग फुगला होता. काही फुगे पुरीसारखे टम्म, काही पापडासारखे पातळ, काही फुटून त्यांच्या खपल्या लोंबत असलेल्या. खाली फरशीवर पांढरी भुकटी सांडलेली.

‘हा बघा,’ मावशी नव्या पोपड्याकडे बोट करून म्हणायच्या, ‘गेल्या आठवड्यात हा इथं नव्हता.’ एखादी बाई नातवाचा नवा दात दाखवते, तसा चेहरा असायचा त्यांचा.

मी त्या खोलीत भाड्यानं राहायला आले ती नाइलाजानं. परभणीहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी दिल्लीत आले होते. सगळे परीक्षार्थी राहतात त्या भागात खोल्या बघत फिरले. घरमालक हसून बोलायचे, पंखा लावून दाखवायचे, आणि मी नाव सांगितलं की ती खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. शेवटी ओळखीच्या एका ताईनं दिल्लीतल्याच द्वारकेच्या एका सोसायटीचा पत्ता दिला. ‘मराठी बाई आहेत, एकट्याच असतात. जरा विक्षिप्त आहेत. बघ जमलं तर.’

दार उघडल्याबरोबर मी माझं पूर्ण नाव सांगून टाकलं. नकार यायचा तो दारातच यावा, एवढाच हेतू. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी विचारलं, ‘दमा आहे का तुला?’

‘नाही.’

‘खोकला? बारा महिने सर्दी?’

‘नाही, काकू.’

‘काकू कशानं? काका कुठं दिसतोय तुला इथं?’

‘मग काय म्हणू?’

‘मावशी म्हण. मावशी व्हायला नवरा लागत नाही. आणि हे बघ, खोलीत ओल आहे. फार आहे. चालत असेल तर सामान आण.’

मी संध्याकाळीच सामान आणलं.

मावशी मूळच्या कराडच्या. तरुणपणी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरी लागली म्हणून दिल्लीत आल्या आणि निवृत्त झाल्यावरही परत गेल्या नाहीत. लग्न केलं नव्हतं. का नाही, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. उंच, सडसडीत, पांढरे केस मुलासारखे बारीक कापलेले. घरीदारी सलवार-कमीज. ‘दिल्लीनं मला दिलेली एवढी एकच शहाणी गोष्ट,’ असं त्या ओढणी सारखी करत म्हणायच्या. घरात ठणठणीत मराठी, उंबऱ्याबाहेर तितकीच ठणठणीत हिंदी. ‘अच्छा’ मात्र दोन्हीकडे.

सकाळचा चहा झाला की त्या माझ्या खोलीत येत आणि पालथा हात भिंतीला लावत. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. ‘तळहाताला ओल कळत नाही,’ त्यांनी मला शिकवलं होतं. मग निदान सांगत. ‘आज सर्द आहे.’ किंवा, ‘आज बरी आहे, उन्हं लागली की आणखी सुधारेल.’ माझी खाट खोलीच्या मधोमध होती, दवाखान्यातल्यासारखी. लोखंडी कपाट भिंतीपासून हातभर लांब. मी हौसेनं भारताचा नकाशा त्या भिंतीवर चिकटवला होता, तो आठवड्याच्या आत आधी काश्मीरकडून सुटला आणि मग अख्खा खाली आला. मावशी म्हणाल्या, ‘तिला काही चिकटवू नकोस गं. तिला श्वास घ्यायचा असतो.’

शब्दांच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. पुतण्याची मुलगी इकडेच वाढलेली. एकदा ती भिंतीकडे बघून म्हणाली, ‘आजी, किती सीलन आहे यार! आणि हे फंगस.’ मावशींनी तिला तिथंच उभं केलं. ‘सीलन नाही, ओल. फंगस नाही, बुरशी. हा पोपडा. ही खपली. ही पांढरी भुकटी दिसते तो लोणा. आणि कपाट उघडल्यावर येतो तो कुबट वास. म्हण.’ पोरगी बिचारी ‘कुबट’ला अडखळली. मावशींनी माझ्याकडे बघितलं. आमच्या घरी अम्मी-अब्बांशी दखनी, पण शाळा माझी मराठी. मी सगळे शब्द घडाघडा म्हणून दाखवले. ‘बघ,’ मावशी सुनेला म्हणाल्या, ‘हिच्याकडे पाठव शिकवणीला.’ सून कसनुसं हसली. मला मात्र त्या दिवशी त्या घरात आपली खुर्ची असल्यासारखं वाटलं.

भिंतींमधलं कळतं म्हणून सोसायटीतले लोक मावशींना बोलावून न्यायचे. त्या जायच्याही, मोठ्या ऐटीत. समोरच्या इमारतीतल्या एका जोडप्याच्या हॉलमध्ये रंग फुगला होता. मावशींनी भिंतीला पालथा हात लावला, कान लावला, वास घेतला आणि सांगितलं की पलीकडच्या स्वयंपाकघरातला पाइप गळतोय. त्यांनी टाइल्स फोडल्या. पाइप ठणठणीत निघाला. पाणी येत होतं बाहेरून, खिडकीवरच्या छज्ज्याला गेलेल्या तड्यातून. मावशींनी घरी श्रीखंड केलं आणि डबा घेऊन माफी मागायला गेल्या. ‘श्रीखंड ठेवून घेतलं,’ परत आल्यावर म्हणाल्या, ‘पण चहा विचारला नाही. बरोबर आहे त्यांचं.’

दिवाळीच्या आधी दरवर्षी रंगारी यायचा. पत्र्यानं पोपडे खरवडायचा, पुट्टी भरायचा, घासायचा, पांढरा रंग द्यायचा. काही आठवडे भिंत अगदी गुळगुळीत दिसायची. मग कोपऱ्यात पहिला फुगा यायचा. रंगारी दरवर्षी ब्रश धुताना सांगायचा, ‘आंटीजी, पानी ऊपर से आ रहा है. ऊपरवालों से बाथरूम ठीक करवाओ. नहीं तो फिर फूलेगा.’

‘फूलने दो,’ मावशी म्हणायच्या.

मला ते कळायचं नाही. इतकं सगळं कळणारी बाई, रंग म्हणजे नुसतं पांघरूण असतं, त्यानं ताप उतरत नाही, असं दुसऱ्यांना बजावणारी, स्वतःच्या घरात मात्र दरवर्षी पांघरूणच घालत होती.

मला पोपडे फोडायची सक्त मनाई होती. अभ्यास करता करता हात शिवशिवायचे. तो कुरकुरीत फुगा अंगठ्यानं दाबावासा वाटायचा. ‘फोडायचा नाही. उगाच शेजारचा रंग उचकटतो,’ त्या दारातून ओरडायच्या. पण माझा पूर्वपरीक्षेचा निकाल लागला आणि यादीत मी नव्हते, त्या दिवशी मी खाटेवर बसून होते. घरी फोन करायचा होता आणि करवत नव्हता. मावशी आल्या. माझ्या हाताला धरून मला भिंतीशी उभं केलं आणि सगळ्यात मोठा फुगा दाखवून म्हणाल्या, ‘फोड.’

‘मावशी...’

‘फोड म्हणते ना. हा मी तुझ्यासाठीच ठेवला होता. पुढचा पण फोड.’

मी फोडले. एक, मग शेजारचा, मग हाताला येतील तेवढे. रंगाच्या खपल्या पायावर पडत होत्या आणि मी रडत होते. मावशी झाडू घेऊन मागं उभ्या होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी केर काढला आणि म्हणाल्या, ‘आता अम्मीला फोन लाव. मी बोलू का आधी?’ आणि खरंच त्याच आधी बोलल्या. कराडची बाई आणि परभणीची बाई, दिल्लीतल्या भिंतीविषयी बराच वेळ बोलत बसल्या. निकालाचं शेवटी सांगितलं.

ती परीक्षा मला पुढंही जमली नाही. मी राज्यसेवेतून नोकरीला लागले, आता नाशिकला असते. मावशी आता नाहीत. त्या गेल्याचं पुतण्यानं फोन करून कळवलं तेव्हा मी कार्यालयात होते, समोर माणसं बसली होती, आणि मी ‘बरं, बरं’ एवढंच म्हणत राहिले. माझ्या सरकारी क्वार्टरच्या भिंती कोरड्या आहेत. सकाळी कुणी खोलीत येत नाही. तो पायांचा आवाज, ‘उठलीस का?’ असं म्हणत कुणीतरी आत येणं, यासाठी माझा जीव किती तळमळतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

पण वरच्या मजल्याचं सांगायचं राहिलं.

आमच्या बरोबर वर बीजी राहायच्या. बीजी म्हणजे एक पंजाबी म्हातारी, सगळी सोसायटी त्यांना बीजीच म्हणायची. अर्धांगवायूनं त्यांची एक बाजू गेली होती. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, नातवंडं शाळेत. दिवसा सांभाळायला एक बाई यायची. बीजींच्या खोलीला लागून असलेलं बाथरूम आमच्या बाथरूमच्या डोक्यावर, आणि ओल यायची ती तिथून. मावशी जिन्यात भेटेल त्याला हे सांगायच्या. बीजींच्या मुलाला तर दर रविवारी. ‘भाईसाहब, आपके घर का पानी मेरे घर में रहने आया है.’ तो हात जोडायचा.

शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. म्हणाले, ‘आंटीजी, आप बस साइन कर दीजिए. हम नोटीस भेज देंगे, उनको तोड़ना ही पड़ेगा.’

मावशींनी चष्मा काढला. ‘मुझे शिकायत करनी है,’ त्या म्हणाल्या, ‘कार्रवाई नहीं करवानी.’

सेक्रेटरींना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मावशींनी तेच पुन्हा सांगितलं, आणि त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मी विचारलं तेव्हा त्या चिडल्या. ‘अगं, बाथरूम फोडलं की महिनाभर बंद. दुसरं बाथरूम घराच्या पार दुसऱ्या टोकाला, त्याला ही उंच पायरी. तिला कोण उचलून नेणार रोज? की महिनाभर पारोशी ठेवायची म्हातारीला? भिंतीचं काय, ती काही मरत नाही.’

त्यानंतर मला त्यांचं सकाळचं निदान कळायला लागलं. बीजींची आंघोळ दहाच्या सुमाराला व्हायची. त्यानंतर थोड्या वेळानं भिंतीचा कोपरा गडद व्हायचा. मावशी कामात असल्या तरी एकदा डोकावून जायच्या. ‘झाली तिची आंघोळ,’ स्वतःशीच म्हणायच्या आणि मग कुकर लावायच्या.

एका जानेवारीत थंडी फार होती. धुक्यानं समोरची इमारत दिसत नव्हती. मी रजई पांघरून वाचत बसले होते. मावशी आल्या, कोपऱ्याकडे बघितलं, हात लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. त्या मला म्हणाल्या, ‘ऊठ. चल वर.’

‘काय झालं?’

‘कोपरा सुकलाय.’

वर दार सुनेनं उघडलं, ऑफिसला निघायच्या घाईत. सांभाळणारी बाई न सांगता गावाला गेली होती. सून अगदी रडकुंडीला आलेली. बीजींना उठवून बसवणं तिच्या एकटीच्यानं होत नव्हतं. मावशी म्हणाल्या, ‘तुम जाओ बेटा. हम हैं.’ आणि ओढणी कमरेला बांधली.

आम्ही दोघींनी बीजींना धरून बाथरूममध्ये नेलं, खुर्चीवर बसवलं. गीझरच्या पाण्यानं भरलेली बादली, वाफ, मोहरीच्या तेलाचा वास. मी पाठीमागून आधार देत होते. मावशी मगानं पाणी घालत होत्या, आणि दोघी भांडत होत्या.

‘ठंडा है,’ बीजी अर्ध्या तोंडानं म्हणाल्या.

‘ठंडा नहीं है. आपकी आदत है.’

‘साबुन कम लगा. कंजूस.’

‘बोलिए मत, मुँह में जाएगा.’

मावशी एकामागून एक मग ओतत होत्या. बीजींनी आपला चांगला हात उचलून मावशींचं मनगट धरलं. ‘बस कर. तेरी दीवार भीग जाएगी.’

मावशींनी मनगट सोडवून घेतलं नाही. दुसऱ्या हातात मग घेतला. ‘भीगने दो,’ म्हणाल्या, ‘उसको मालूम है आप हो.’

खाली आल्यावर मावशींनी मला सांगितलं. सोसायटी नवी होती तेव्हा दोघी एकाच महिन्यात राहायला आल्या. नळाला पाणी नसायचं, टँकर यायचा. बीजी तेव्हा धडधाकट; स्वतःच्या बादल्या वर नेल्यावर मावशींच्याही नेऊन ठेवायच्या, कारण मावशी ऑफिसला गेलेल्या असत. मग मावशींना टायफॉइड झाला. पुतण्या तेव्हा लहान, भाऊ कराडला. बीजींनी त्यांना उचलून वर नेलं आणि बरं होईपर्यंत आपल्याच खोलीत झोपवलं. ‘रोज अंग पुसून द्यायची,’ मावशी म्हणाल्या. ‘आणि रोज भांडायची की तू काही खात नाहीस.’ एवढंच सांगितलं आणि माझे ओले कपडे वाळत घालायला उठल्या.

बीजी त्याच वर्षी मार्च संपता संपता गेल्या. झोपेतच. मावशी वर गेल्या, सगळं होईपर्यंत बसल्या, खाली येऊन आंघोळ केली आणि मुगाची खिचडी टाकली. रडल्या नाहीत. तेराव्यानंतर बीजींचा मुलगा आला. हात जोडून उभा राहिला. ‘आंटी, इतने साल आपने सहा. अब बाथरूम करवा देते हैं.’

मावशींनी मान हलवली.

वर फोडाफोड सुरू झाली. गवंड्यानं फरशीखालचा फुटलेला पाइप काढून आणून मावशींना दाखवला. नवा पाइप पडला, नव्या टाइल्स लागल्या. एप्रिलच्या गरम वाऱ्यात आमची भिंत सुकायला लागली. ओलीचा पट्टा फिका होत गेला, वर लोणा फुटला, तो मी कोरड्या ब्रशनं झाडायची, पुन्हा फुटायचा, मग फुटेनासा झाला. गिलावा कोरडा, खडबडीत, पिठासारख्या रंगाचा दिसू लागला. मावशी सकाळी यायच्या, पण दारातूनच ‘उठलीस का?’ विचारून परत जायच्या. रंगाऱ्याचा फोन आला की आता रंग दिला तर पक्का बसेल. ‘बघू,’ म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मुलांच्या सुट्ट्या लागल्या तसे वरचे लोक डेहराडूनला गेले. किल्ली नेहमीप्रमाणे मावशींकडे, कुंड्यांना पाणी घालायला. एका दुपारी मी लायब्ररीतून लवकर परतले. मावशी घरात नव्हत्या आणि वर धो धो पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. नळ उघडा राहिला की काय, म्हणून मी धावत वर गेले.

दार उघडंच होतं. मावशी बीजींच्या बाथरूममध्ये उभ्या होत्या. सलवार घोट्याच्या वर दुमडलेली, पाय भिजलेले. नळ पूर्ण सोडलेला, बादली भरून वाहत होती आणि पाणी नव्या फरशीवर पसरून कोपऱ्यात तुंबलं होतं. पाणी जायच्या जाळीवर त्यांनी फडकं ठेवलं होतं.

‘मावशी, काय करताय?’

‘काही नाही. काम कसं केलंय ते बघतेय.’ त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. ‘बराच वेळ सोडलंय. जा बरं, खाली जाऊन बघ काही दिसतंय का.’

मी खाली आले. भिंतीपुढं उभी राहिले. कोपरा तसाच फिका होता. मी पालथा हात लावला, मग खुर्चीवर चढून वर लावला. वरून पाण्याचा आवाज येत होता. एखादी गडद रेघ उमटावी, कुठंतरी गार लागावं, म्हणून मी थांबले. जरुरीपेक्षा जास्तच थांबले. आवाज चालूच होता आणि भिंत ढिम्म होती. वर जाऊन खोटं सांगावं असंही मनात येऊन गेलं. पण त्या खाली येऊन हात लावणारच होत्या.

मी वर गेले. ‘काही नाही, मावशी.’

‘नीट बघितलंस?’

‘हो.’

‘कोपऱ्यात?’

‘कोपऱ्यातही. कोरडी आहे.’

त्यांनी नळ बंद केला. जाळीवरचं फडकं काढलं. पाणी निघून गेलं तशी सगळी फरशी वायपरनं नीट ओढून घेतली, बादली उपडी ठेवली, बाहेर येऊन कुलूप लावलं, एकदा ओढून बघितलं. ‘चांगलं केलंय काम,’ त्या म्हणाल्या. मग जिना उतरता उतरता मधल्या वळणावर भिंतीला धरून थांबल्या आणि पायरीवर बसल्या. ओढणी तोंडाला लावली. त्यांचे खांदे हलत होते. मी शेजारी बसले. त्यांचे ओले पाय पुसत राहिले.

खालून सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या बाई भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या. आम्हाला तसं बसलेलं बघून घाबरल्या. ‘क्या हुआ आंटीजी? गिर गए क्या?’

मावशींनी डोळे पुसले आणि त्यांना जायला वाट द्यायला थोडं सरकल्या.

‘नहीं नहीं,’ म्हणाल्या. ‘ऊपर का काम पक्का हो गया.’